महागडं रिचार्ज न मारता टीव्हीवर एचडी कसं बघायचं: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सगळ्या गोतावळ्यात कुणाचाही टीव्ही बंद पडला की फोन मलाच येतो, मी काही मेकॅनिक नाही, पण एकदा गावाकडच्या घराची टीव्हीची छत्री (डिश) मी स्वतः चढून लावली आणि तेव्हापासून शिक्का बसलाय. तीच तीच उत्तरं देऊन तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

दर महिन्याला एक रुपयाही न देता एचडी दिसतं का, की नुसत्याच गप्पा?

दिसतं, पण किती दिसतं ते आधी ऐका. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशवर जे काही येतं त्यातले एचडी चॅनेल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, डीडी नॅशनल एचडी, डीडी न्यूज एचडी वगैरे, बाकी सगळा बाजार साध्या एसडीचा, म्हणजे कमी ठिपक्यांच्या जुन्या चित्राचा. म्हणजे फुकट म्हटल्यावर दोनशे एचडी चॅनेल मिळतील असं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका. फुकटातलं बरंचसं एचडी आता नेटवरून येतंय, त्याचं खाली लिहिलंय. माझं मत विचाराल तर दोन्ही मिळून वापरा, रोजच्या टीव्हीला छत्री आणि जे खरंच डोळे भरून बघायचंय त्याला नेट.

फ्री डिश म्हणजे नक्की काय, कोण चालवतं आणि खर्च किती?

प्रसार भारती चालवते, म्हणजे आपलं दूरदर्शन-आकाशवाणीवालं खातं. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालं, ३३ चॅनेल होते तेव्हा, २०१४ ला नाव बदलून फ्री डिश केलं. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा), वायर, बॉक्स आणि बसवणाऱ्याची मजुरी धरून एकदाच साधारण दीड-दोन हजार जातात, नंतर रिचार्ज हा शब्दच नाही. ना ग्राहक क्रमांक, ना "तुमचा पॅक उद्या संपतोय" असले मेसेज.

मग पैसा कुठून येतो हे पण लोक विचारतात. खाजगी चॅनेलवाले यावर दिसण्यासाठी लिलावात बोली लावून जागा विकत घेतात. त्यांना जाहिराती मिळतात कारण चार कोटींहून जास्त घरांत ही छत्री आहे असा अंदाज आहे. म्हणून तर दरवर्षी १ एप्रिलच्या आसपास काही चॅनेल गायब होतात आणि काही नवीन उगवतात. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल ही मंडळी २०१९ ला निघून गेली, परत आली, २०२२ च्या १ एप्रिलला परत गेली. तेव्हा एखादा चॅनेल दिसेनासा झाला तर बॉक्स फेकू नका, आधी मेनूत जाऊन नव्याने स्कॅन मारा.

दुकानदार दोन बॉक्स दाखवतो, एक सहाशे-सातशेचा, एक त्याच्यापेक्षा महाग. कुठला घेऊ?

महागातला. स्वस्त असतो तो एमपीईजी-२ चा (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) जुना बॉक्स, त्यात एचडी चॅनेल येतच नाहीत. आपल्याला हवा तो नव्या पद्धतीचा एमपीईजी-४, उपग्रहाचा नवा सिग्नल पकडणारा डीव्हीबी-एस२ वाला, मागे एचडीएमआयचं भोक असलेला. खोक्यावर नुसतं मोठ्या अक्षरात "फुल एचडी" लिहिलंय म्हणून भुलू नका, बॉक्स एसडी चॅनेल ताणून मोठा करून दाखवतो त्यालाही काही लोक एचडी म्हणतात. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, फुल एचडीचं १९२० बाय १०८०, म्हणजे जवळपास पाचपट, ते ताणून भरत नाही हो. दुकानातच लावून डीडी नॅशनल एचडी दिसतंय का एवढं बघा आणि मगच पैसे द्या.

आमच्या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आहे म्हणे, मग बॉक्स लागेल का?

नाही लागणार, छत्रीची वायर सरळ टीव्हीला. टीव्हीच्या माहितीपुस्तकात डीव्हीबी-एस२ लिहिलेलं शोधा, किंवा मागे सॅटेलाइट असं लिहिलेलं आटे असलेलं तोंड आहे का बघा. एक रिमोट कमी होतो हा सगळ्यात मोठा फायदा, घरात आजी-आजोबा असतील तर कळेल मी काय म्हणतोय ते.

एचडी बॉक्स आणला, टीव्ही ४३ इंची, तरी चित्र धुरकटच. फसवलं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दहातल्या सात वेळा भानगड वायरीची असते. गेल्या दिवाळीत आमच्या काकांकडे गेलो, नवाकोरा टीव्ही भिंतीवर, खाली एचडी बॉक्स, आणि काका म्हणतात, "अरे, आपल्या जुन्या डबड्यात यापेक्षा चांगलं दिसायचं." मी टीव्ही जरा पुढे ओढून मागे हात घातला तर हाताला लागली लाल-पांढरी-पिवळी! ती तीन पिनांची जुनी एव्ही वायर. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही, बॉक्स कितीही भारी असो, टीव्हीपर्यंत जे पोचतं ते एसडीच. बॉक्सबरोबर आलेली एचडीएमआय वायर तशीच प्लास्टिकच्या पिशवीत, खोक्यात, गॅरंटी कार्डाखाली पडलेली. बसवणाऱ्या पोराने जुन्या टीव्हीची वायर काढून तीच नव्याला लावली होती, त्याचं काम पाच मिनिटांत झालं. मी वायर बदलली, टीव्हीचा सोर्स एचडीएमआय-१ केला, बॉक्सच्या मेनूत रिझोल्युशन १०८० केलं, आणि काका बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या साडीचा काठ बघत बसले. काकू म्हणाल्या, आता यांना स्टुडिओतली धूळ पण दिसणार.

वायर बरोबर असेल तर दुसरी गोष्ट बघा, तुम्ही एसडी चॅनेलच लावलाय का. एकाच चॅनेलचे दोन नंबर असतात, एक साधा एक एचडी, आणि सवयीने बोट जुन्याच नंबरावर जातं. तिसरी म्हणजे टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ताणलेलं असतं, माणसं बुटकी आणि जाडी दिसतात, तिथे १६:९ किंवा ऑटो करा. मोठ्या टीव्हीवर एसडी वाईट दिसणारच, त्याला इलाज नाही, टीव्हीपासून आणखी दोन हात लांब बसा.

छत्री स्वतः लावता येते का? तोंड कुठे करायचं?

येते, पण एकट्याने नको, एकजण गच्चीवर आणि एकजण खाली टीव्हीसमोर "आलं… गेलं… परत आलं" ओरडायला हवाच. फ्री डिशचा उपग्रह आहे जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशावर. आपला महाराष्ट्र त्याच्या बराच पश्चिमेला, म्हणून आपल्याकडून तो आग्नेयेला दिसतो. पुणे, सातारा, कोकण, गोवा इकडे अगदी आग्नेय म्हटलं तरी चालेल, नागपूरकडे गेलात की तोंड थोडं आणखी दक्षिणेकडे सरकतं. सिग्नल येतो क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वरून. आता तुम्ही म्हणाल छत्री तर एवढी वर केलेली दिसत नाही, बरोबर आहे, या छत्र्या ऑफसेट असतात, दिसायला समोर बघतात आणि पकडतात वरचं. म्हणून समोर नारळाचं झाड असलं तरी कधी कधी काही फरक पडत नाही, आणि कधी कधी वरच्या मजल्याचा नुसता सज्जा आडवा येऊन सगळं बंद.

सेटिंगमध्ये एलएनबी युनिव्हर्सल ठेवा, ९७५०/१०६०० असं लिहिलेलं असतं ते. शोधताना फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी, आणि इथेच सगळे फसतात. स्ट्रेंथची पट्टी नुसता एलएनबी जोडला तरी वर जाते, आकाशाकडे तोंड नसलं तरी! बघायची ती क्वालिटी. क्वालिटी शून्यावर अडकलेली असेल तर छत्री केसभर, म्हणजे खरंच केसभर, डावीकडे उजवीकडे हलवायची आणि दोन-तीन सेकंद थांबायचं, बॉक्सला पकडायला वेळ लागतो. मी पहिल्यांदा लावली तेव्हा थांबतच नव्हतो, पावणेदोन तास गच्चीवर उन्हात, खालून भाऊ ओरडून ओरडून कंटाळला आणि चहा प्यायला निघून गेला, मला पत्ताच नाही, मी आपला वर छत्री फिरवतोय.

क्वालिटी आली की नट आळीपाळीने आवळा, एकच बाजू गच्च आवळली की छत्री सरकते आणि परत पहिल्यापासून. वायर आरजी-६ घ्या, तांब्याची बरी, आणि जोडाला टेप लावताना हात आखडू नका.

पावसात चॅनेल जातात, बॉक्स खराब आहे का?

बॉक्स बिचारा ठीक आहे. हा सिग्नल केयू बँडचा, लाटेची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर, जोराचा पाऊस तो वाटेतच गिळतो. सगळ्याच छत्र्यांचं हे होतं, पैसे भरणाऱ्यांचंही. छत्री अगदी नेमकी लावलेली असेल तर रिमझिम पावसात काही होत नाही, फक्त ढगफुटीसारखा कोसळला की जातं आणि दहा-पंधरा मिनिटांत येतं. पण पाऊस थांबून दोन तास झाले तरी येत नसेल तर जोडात पाणी शिरलंय, कोकणात हे हमखास, पिन काढून बघा, हिरवी पडलेली असेल. कापून नवीन जोड लावा, वीस रुपयांचं काम.

जुन्या कंपनीची छत्री पडून आहे, ती चालेल?

छत्रीला काय, पत्र्याचीच आहे, चालते. गंजून भोकं पडलेली किंवा वाकलेली नको. दिशा बदलावी लागेल कारण प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळ्या ठिकाणी असतो, आणि एलएनबी युनिव्हर्सल नसेल तर तेवढा बदला. जुना बॉक्स मात्र बहुतेक वेळा कामाचा नाही, तो त्यांच्याच कुलपात असतो.

क्रिकेट फुकट दिसतं का?

हा खरा मुद्दा, बाकी सगळे प्रश्न याच्यासाठीच असतात हे मला माहितीये. २००७ चा एक कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल हक्क घेतलेल्या चॅनेलने प्रसार भारतीला द्यायचा असा. त्या यादीत भारताच्या पुरुष संघाचे वनडे आणि टी-२० सामने येतात, वर्ल्ड कपची सेमीफायनल आणि फायनल येते, कसोटी सरकारला महत्त्वाची वाटली तर. आयपीएल यादीत नाही, ते विसरा.

आता गंमत बघा. घरी केबल आहे, केबलवर डीडी स्पोर्ट्सही आहे, मॅच डीडी स्पोर्ट्सवर आहे असं पेपरात आलंय, तुम्ही लावता आणि तिथे भलताच कार्यक्रम. शिव्या केबलवाल्याला. पण त्याचा दोष नाही, २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा वाटून घेतलेला सिग्नल दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर (टॉवरवरून घरच्या अँटेनाला येतं ते) आणि स्वतःच्या फ्री डिशवर दाखवायचा, केबल आणि खाजगी डीटीएचवरून तो जाता कामा नये. म्हणजे महिन्याला चारशे भरणाऱ्याला जे दिसत नाही ते फुकटवाल्याला दिसतं. आमच्या गावात मॅच असली की ज्याच्याकडे फ्री डिश त्याच्या ओट्यावर गर्दी, आणि पैसे भरणारे पण तिथेच येऊन बसतात.

मराठी सिरीयल?

इथे फ्री डिश कमी पडते, सरळ सांगतो. सह्याद्री आहेच, मराठी सिनेमांचे एखाद-दोन चॅनेल लिलावाप्रमाणे येतात जातात, पण संध्याकाळी सातनंतरच्या ज्या सिरीयलवर घरात भांडणं होतात त्या पैशाच्या चॅनेलवरच्या, त्या यावर नाहीत. आईसाठी तेवढे दोनच चॅनेल हवे असतील तर केबलवाल्याकडे अख्खा पॅक घेऊ नका, सुटे चॅनेल मागा. २०१९ पासून तुम्हाला सुटा चॅनेल निवडायचा हक्क आहे, प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर असते. वर केबलवाल्याचं नेटवर्क वापरायची फी लागते ती वेगळी, पूर्वी तिला १३० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती, २०२४ मध्ये ट्रायने (फोन-टीव्हीचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) ती मर्यादा काढली, आता ज्याचा त्याचा दर, म्हणून दोन ठिकाणी विचारा. आणि त्या हिशोबात एक एचडी चॅनेल दोन एसडी चॅनेलएवढा धरतात हे लक्षात ठेवा. सिरीयलला एचडी कशाला हवंय तसं, रडणं एसडीतही दिसतं.

अमेरिकेतला भाऊ म्हणतो तिकडे खिडकीला अँटेना चिकटवला की एचडी फुकट. आपल्याकडे का नाही?

तो खरं बोलतोय. तिकडे १२ जून २००९ ला मोठ्या स्टेशनांनी जुनं अॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं आणि सगळं डिजिटल केलं, तेव्हापासून शहरात राहणाऱ्याला वीस-तीस डॉलरच्या चपट्या अँटेनावर मोठी नेटवर्कं एचडीत दिसतात, आणि केबलपेक्षा चित्र स्वच्छ असतं असंही तिकडचे सांगतात. तिकडे असाल आणि नुसत्या बातम्या-फुटबॉलसाठी महिन्याला शंभर डॉलर देत असाल तर आधी अँटेना लावून बघा. इंग्लंडात फ्रीव्ह्यू तसंच, फक्त तिथे लाइव्ह टीव्हीला लायसन्स फी भरावी लागते.

आपल्याकडे दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत असं डिजिटल जमिनीवरचं प्रक्षेपण सुरू केलं होतं, मुंबई आणि औरंगाबाद (आताचं संभाजीनगर) त्यात होती. पण चॅनेल दूरदर्शनचेच, ते पण एसडी, आणि ते पकडणारे टीव्ही-डोंगल लोकांकडे नव्हते, कुणाला कळलंच नाही. कौलावरचा तो मासळीच्या काट्यासारखा अँटेना आता कावळ्यांना बसायला. कुणी "डिजिटल अँटेना लावा, ५०० चॅनेल फुकट" म्हणून विकत असेल तर घेऊ नका, आपल्याकडे त्यावर असले ५०० चॅनेल येतच नाहीत.

नेटवरून फुकट एचडी काय काय मिळतं?

भरपूर. मराठी बातम्यांचे जवळजवळ सगळे चॅनेल यूट्यूबवर चोवीस तास लाइव्ह असतात. प्रसार भारतीचं वेव्हज अॅप आहे, २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) उद्घाटनालाच आणलं, त्यात दूरदर्शनचे चॅनेल आणि जुना खजिना आहे. अॅमेझॉन एमएक्स प्लेअर जाहिरातींसकट फुकट. सॅमसंगच्या टीव्हीत टीव्ही प्लस आणि एलजीत चॅनेल्स नावाचं असतं, लोक वर्षानुवर्षं ते उघडून बघत नाहीत.

पण डेटाचा हिशोब करा. एचडीला साधारण ५ एमबीपीएस नेटचा वेग धरला तर तासाला सव्वादोन जीबी जातात. म्हणजे तुमचे रोजचे २ जीबी हॉटस्पॉटवर एका सिनेमाच्या इंटरव्हलच्या आधीच खलास. घरी वायफाय असेल तरच हा मार्ग फुकट, आणि नसेल तर फक्त टीव्हीसाठी ब्रॉडबँड घेऊ नका, पोरांचा अभ्यास, घरून काम असं दुसरं कारण असेल तर घ्या. यूट्यूब आपोआप क्वालिटी कमी करतं, गियरच्या खुणेवर जाऊन १०८० स्वतः निवडा.

आणि टीव्ही साधा असेल तर नवा स्मार्ट टीव्ही नको, एचडीएमआयमध्ये लावायची स्टिक घ्या, सेलमध्ये अडीच-तीन हजारांत मिळते.

एकजण वर्षाला ९९९ मध्ये सगळे चॅनेल, सगळे ओटीटी देतो म्हणतोय. घेऊ?

नको. चोरीचा सिग्नल असतो तो. आमच्या मामांनी असेच एकाला बाराशे दिले, तीन महिने मस्त चाललं, मग भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी दुपारी बंद, त्याचा फोनही बंद. वर तो अॅप टीव्हीत बाहेरून टाकलेला, त्याने आणखी काय काय आत सोडलं देव जाणे, शेवटी टीव्ही रिसेट मारला. एखादी मालिका खरंच बघायची असेल तर त्या ओटीटीचं एकच महिन्याचं घ्या, बघून संपवा, आपोआप पैसे कापायचं बंद करा. तुमच्या मोबाइलच्या रिचार्जमध्ये एखादं ओटीटी आधीच आलेलं आहे का तेही बघा, बऱ्याच पॅकमध्ये असतं आणि लोक परत वेगळे पैसे भरतात.

भाड्याचं घर आहे, सोसायटी छत्री लावू देत नाही.

खिडकी किंवा बाल्कनी आग्नेयेला असेल तर ग्रिलला आतून लावून बघा, भिंतीत भोक पाडावं लागत नाही. दुसऱ्या दिशेला असेल तर डोकं आपटू नका, नेटचाच रस्ता धरा.

तुमच्या घरी काय आहे मग?

पुण्यात वायफाय आणि टीव्हीतलं यूट्यूब, महिन्याआड एखादं ओटीटी. गावाला फ्री डिश, मीच लावलेली, थोडी तिरकी दिसते पण क्वालिटी सत्तरच्या खाली जात नाही. गेल्या पावसात माकडांनी एलएनबी वाकवला, ते सोडून चार वर्षांत शून्य खर्च.